कुलरच्या पत्र्यातला कॉम्प्युटर

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस कॉम्प्युटरकडे बघून हमखास विचारायचा, "याच्यात पानी कोठून टाकता?" त्याचं काही चुकत नव्हतं. पाणी टाकायला वरच्या बाजूला भोक होतं. पाणी काढायला तळाशी बूच होतं. अंगाला आकाशी रंग, खाली चार लोखंडी पाय, तिन्ही बाजूंना पत्र्याच्या झडपा आणि समोर जाळीआड पंखा. उंची माझ्या कमरेएवढी. उजव्या अंगाला दारावरच्या बेलचं बटण बसवलेलं होतं आणि ते दाबलं की बेल वाजायची नाही, कॉम्प्युटर सुरू व्हायचा.

हा कॉम्प्युटर मी जोडला. म्हणजे आतलं मी जोडलं. बाहेरचं बाबांनी केलं, आणि लोक बाहेरचंच बघतात, त्यामुळे गल्लीभर नाव बाबांचं झालं. याचा तेव्हा मला फार राग यायचा. आता येत नाही असं लिहिणार होते, पण येतो थोडा.

बाबांचं वर्ध्यात कुलरचं दुकान होतं. दुकानाच्या मागे टिनाची शेड, तिथं कुलर बनायचे, आणि शेडच्या मागे आमचं घर. त्यामुळे लहानपणापासून माझी झोप पत्रा ठोकण्याच्या आवाजात झाली आणि सुटीच्या दिवशी शांतता असली की मला जाग यायची. बाबांचा स्वभाव धंद्याला साजेसा होता. जगातली कुठलीही भानगड हवा न लागल्यामुळे होते, असं त्यांचं मत होतं. शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं तर ते म्हणायचे, "त्या घराले खिडकीच नाई ना मांगून. मंग काय होईन?" माझे बारावीचे मार्क कमी आले तेव्हा त्यांनी मला काही बोलायचं सोडून माझ्या खोलीतल्या कुलरची वाळ्याची ताटी बदलून दिली.

आई जवळच्या आंजी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, चौथीच्या वर्गावर. रोज एसटीनं जायची-यायची. शाळेत तिचा दरारा असा की वर्गात आली नुसती, तरी पोरं पाढे म्हणायला लागायची. घरी बाबांसारख्या माणसाला ती एका नजरेनं गप्प करायची. अशी ही बाई फक्त एका वस्तूपुढे हात जोडून उभी राहायची, ती म्हणजे कॉम्प्युटर.

झालं असं होतं की सरकारनं नियम काढला, नोकरीतल्या सगळ्यांनी कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची, नाही तर पगारवाढ बंद. शाळेतले सगळे एकेक करून पास झाले. रिटायर व्हायला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे हेडमास्तरही पास झाले. उरली एकटी आई. ती हिवाळ्यात एकदा परीक्षेला बसली होती. पहिला प्रश्न वाचला, विचार करत बसली, आणि ती हात न लावता बसली म्हणून थोड्या वेळानं पडदा काळा होऊन त्यावर चांदण्या फिरायला लागल्या. आईला वाटलं, आपण सगळं पुसून टाकलं. ती उठली, तिथल्या सरांना म्हणाली, "सर, माझ्या हातून मोडलं, माफ करा," आणि घरी निघून आली. सर मागून "अहो मॅडम, अहो मॅडम" करत दारापर्यंत आले होते म्हणे.

मी हे ऐकून हसले. मग आईचं तोंड बघितलं आणि हसायची थांबले. ती मोरीत पाय धुताना पाठमोरी म्हणाली, "पोरायले मी पट्टी घेऊन सांगते का घाबरू नोका. आता कोनत्या तोंडानं सांगू?" पगारवाढीचं ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. पुढची परीक्षा मे महिन्यात होती. ती तिला पास व्हायचंच होतं, आणि आपल्या हाताला यंत्र चालत नाही याची तिला पक्की खात्री झाली होती.

म्हणून तिच्या सरावासाठी मी नागपूरहून सामान आणून कॉम्प्युटर जोडला. मी नुकताच कॉम्प्युटर जोडायचा-दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि अंगात भलताच रुबाब होता. स्क्रू ड्रायव्हर मी केसांच्या अंबाड्यात खोचून फिरायची. पहिली पेटी साधीच होती, मळकट पांढरी, अरुंद, भिंतीला टेकवून ठेवता येईल अशी. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं छान चाललं. आई मान ताठ करून बसायची, एका बोटानं टाईप करायची, आणि चुकीचं अक्षर उमटलं की पडद्याला म्हणायची, "चुकलं बापा माझं."

मार्च लागला आणि कॉम्प्युटर दुपारी अडकायला लागला. आईची शाळा आता सकाळची झाली होती. ती उन्हाची घरी यायची, जेवायची आणि सरावाला बसायची. संध्याकाळी आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, जायची, त्यामुळे दुपारच तेवढी हाती होती. आणि बरोबर त्याच वेळी वरचे टिन तापून कॉम्प्युटरचा जीव जायचा. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. आई दोन्ही हात उचलून मांडीवर घ्यायची आणि मला हाक मारायची, "पाह्य वं, काय दाबलं मी?"

"काई नाई दाबलं आई. थे अडकलं."

"माह्याच हातानं काऊन अडकते मंग? तू बसली का नाई अडकत."

मी सकाळच्या थंड वेळी बसायची म्हणून अडकत नव्हता, हे मी तिला रोज सांगायची. तिचा विश्वास बसायचा नाही. एकदा तिनं एक कळ दाबली आणि त्याच क्षणाला अख्ख्या वर्ध्याची लाईन गेली. गल्लीतून "गेली, गेली" असा ओरडा झाला. आई अंधाऱ्या पडद्यासमोर थिजून बसली आणि हळूच म्हणाली, "माह्यानं गेली का वं?"

मी पेटी उघडून पाहिली. आतला छोटा पंखा धापा टाकत होता आणि बाकी सगळं हात लावू देत नव्हतं. आता इथं माझ्याकडून एक गोष्ट झाली. जेवताना मी बाबांसमोर म्हटलं, "कॉम्प्युटर तापते."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. इतके महिने त्या यंत्राकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ते उठले, उष्टा हात लागू नये म्हणून डाव्या हाताची पालथी बाजू पेटीला लावली आणि तापकऱ्याला बघावं तसं बघून म्हणाले, "हाये. ताप हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला कुलर कॉम्प्युटरच्या तोंडासमोर आणून लावला. कुलरवाल्याच्या घरातला कुलर म्हणजे गिऱ्हाइकानं परत आणून टाकलेला, हे सांगायला नको. तो हवेबरोबर फवाराही मारायचा. दोन दिवसांत कीबोर्डच्या कळा दाबल्या की खालीच राहायला लागल्या, कागद दमट होऊन प्रिंटरमध्ये जोडीजोडीनं जायला लागले, आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, त्याले पानी चालत नाई!"

"पानी कोठं देऊन राह्यलो? हवा देऊन राह्यलो."

"मले मोठी पेटी पाह्यजे. जास्त पंखेवाली. नागपूरले भेटते, मी उद्या जाऊन आनते."

बाबांना हे लागलं. अगदी मनाला लागलं. ते आईकडे बघून म्हणाले, "ऐकलं का? पोरगी डब्यासाठी नागपूरले जाऊन राह्यली. आपन काय बनोतो इथं? जिलबी?"

"थो डबा वेगळा असते," मी म्हटलं.

"काय वेगळा? पत्रा हाये, आत पंखा हाये, झडपा हाये. कुलरले आनखी काय असते?"

"मदरबोर्ड," मी म्हटलं, पण ते काही उत्तर नव्हे.

शेडमध्ये पत्र्याचं काम बघणारे एक काका होते. बाबांच्या दुकानाएवढीच त्यांची नोकरी जुनी. मी त्यांना रीतसर कागदावर आकृती काढून दिली. इथं भोक, इथं पट्टी, मापं सगळी लिहिलेली. काकांनी कागद नीट पाहिला, सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, चार घड्या घालून छातीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नको ताई." आणि मग काम सुरू केलं ते हाताच्या सवयीनं. त्या हाताला एकच गोष्ट येत होती आणि ती फार चांगली येत होती.

पेटी तयार झाली तेव्हा मी शेडमध्ये गेले आणि आधी कुठं आहे म्हणून शोधलं. तिथं रांगेनं कुलर उभे होते. त्यातला सगळ्यात लहान म्हणजे माझी पेटी.

"हे भोक कायचं?" मी विचारलं.

"पान्याचं," काका म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

बाबा लगेच मध्ये पडले. "वायरी कोठून नेशील? त्यातून ने ना."

"आन हे बूच?"

"राहू दे. आत कचरा साचला त काढता येते."

"आन पाय काऊन दिले?"

"झाडू मारता येते ना खालून, तुह्या आईले."

प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. तळाला वीतभर खोल टाकीसुद्धा होती, तिला बाबा "कप्पा" म्हणाले. झडपांच्या आत ताटी बसवायच्या तारा होत्या. मी म्हटलं, ताटी लावायची नाही. बाबा म्हणाले, सुकी लावू, नुसत्या वासासाठी. मी स्क्रू ड्रायव्हर अंबाड्यातून काढला आणि त्यांच्याकडे रोखला, तेव्हा कुठं ते गप्प झाले.

जोडणी शेडमध्येच करायची ठरली, कारण भोकं जागेवर पाडावी लागणार होती. मदरबोर्ड थेट पत्र्यावर बसवला तर जळतो. त्याच्याखाली बारीक पितळी खुंट्या लागतात. त्या मी जुन्या पेटीतून काढल्या. काकांनी बोर्ड वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्या आणि भोकं पाडली. एक भोक थोडं सरकलं, ते तसंच सोडलं. हार्ड डिस्क ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती कप्प्याच्या आतल्या भिंतीला पट्टीनं आवळली. जुन्या पेटीचं सुरू करायचं बटण इथं कुठं बसेना. तेव्हा मला सुचलं की त्या बटणाचं काम फक्त क्षणभर दोन तारा जोडायचं आहे, आणि तेच काम दारावरची बेल करते. शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून बेलचं बटण आणलं. त्याच्यावर घंटेचं छोटं चित्र होतं. ही कल्पना माझी स्वतःची होती आणि हिच्याबद्दल पुढे मी सगळ्यात जास्त पस्तावले.

पंखा बाबांनी बसवला. घरात मोरीवर हवा बाहेर फेकायला लावतात तो, चांगला मोठा. तो बसवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

आई दुपारी एसटीतून उतरून छत्री मिटत शेडच्या दाराशी आली. आतल्या तारा पाहून तिथंच थांबली. "मी नाई येत आत. माह्यानं काई होईन उगाच."

सगळं बसलं. फक्त लाईन द्यायची बाकी होती, पण भूक लागली होती म्हणून मी आणि बाबा घरात जेवायला गेलो. काकांना म्हटलं, आम्ही येतो, तुम्ही जरा लक्ष ठेवा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. बाबांच्या दुकानाचा एक नियम होता आणि तो बाबा गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगायचे. आमच्या शेडमधून कुठलाही कुलर पाणी भरून गळती पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. म्हणजे नाहीच.

आम्ही हात पुसत परत आलो तर काका रिकामी बादली घेऊन उभे होते आणि पेटीच्या चारी बाजूंनी वाकून बघत होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "एक थेंब नाई गळला, भाऊ!"

बाबांच्या तोंडून आधी "वा!" निघालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी अशी ओरडले की रस्त्यावरच्या कापसाच्या बैलबंड्या थांबल्या असतील. काका घाबरून बादली मागे लपवायला लागले. पाणी कप्प्यात होतं, हार्ड डिस्क अर्धी त्यात बसली होती, तिची चपटी वायर पाण्यावर तरंगत होती. नशीब की लाईन दिलेली नव्हती. बाबांनी खाली वाकून बूच काढलं. पाणी भळाभळा निघून गेलं. ते निघून जाताना बाबा अगदी हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असे म्हणाले, "म्हनून बूच असावं."



मग सगळं सुटं करून अंगणात वाळत घातलं. बाजेवर एका बाजूला आईचे काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे वाळत होते. दुसऱ्या बाजूला मी फडक्यावर हार्ड डिस्क, वायरी, बोर्ड असं सगळं मांडून पातळ कपड्यानं झाकलं. वर्ध्याचं एप्रिलचं ऊन जे त्या यंत्राच्या जिवावर उठलं होतं, तेच आता कामाला लागलं. आई कावळे हाकायला काठी घेऊन बाजूला बसली. शेवटी तिनं फडकं थोडं उचलून खाली पाहिलं.

"एवढंच असते का याच्यात?"

"एवढंच."

ती बघत राहिली. मग पुन्हा तिचं सुरू झालं. "माह्यासाठीच झाला हा खटाटोप. तवाच पास झाली असती त तुमाले हे करा नसतं लागलं."

"तू काई केलं का याच्यात?" मी चिडून म्हटलं. "बादली तू ओतली का?"

"नाई, पन..."

"मंग राहू दे."

चांगलं दोन दिवस ऊन दिल्यावर पुन्हा जोडलं. बोर्डाच्या खुंट्या, वायरी, डिस्क यावेळी सगळं वरच्या बाजूला. काकांना बादलीसकट अंगणाच्या पार पाठवलं. आईनं दुरूनच कुंकवाची चिमूट फेकली. ती पंख्याला लागली. मी बेल दाबली.

सुरू झाला. सांगायला आनंद वाटतो की सुरू झाला. पण आवाज! आमच्या पुढच्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागायचं. पंखा समोरून हवा फेकायचा, कारण कुलर समोरूनच फेकतो, आणि कॉम्प्युटरपुढे बसलेल्या आईच्या तोंडावर झळ यायची. तिच्या समोरचे कागद उडून स्वैपाकघरात जायचे. ती मग एका हातानं कागद दाबायची आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाईप करायची. पण अडकायचा मात्र फार कमी. बाबा दिवसातून चारदा दुकानातून यायचे, पालथा हात लावायचे आणि "उतरला" म्हणून परत जायचे.

बेलनं मात्र घात केला. घरी आलेला माणूस खुर्चीत बसला की त्याच्या हाताशी ते बटण यायचं, त्यावर घंटेचं चित्र, आणि माणसाला चहा हवा असतो. तो दाबायचा. चालू कॉम्प्युटर त्याच बटणानं बंद व्हायचा. आई एक अर्ज अर्ध्यापर्यंत आणायची आणि तो जायचा. ती न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि वर पाहुण्यालाच म्हणायची, "नाई नाई, माह्याच हातून गेलं असन."

आणि मग माझं आणि बाबांचं सुरू व्हायचं. यंत्र बंद पडलं रे पडलं की आम्ही दोघंही धावून यायचो आणि आईच्या डोक्यावरून भांडायचो.

"तुह्या त्या बेलनं गेलं!"

"बेल बराबर हाये! तुमच्या पंख्यानं वायर हालली!"

"माह्या पंख्याले नाव ठेवू नको. तुयी वायरच ढिली हाये."

"ढिली काऊन असन? काकायनं भोक चुकोलं, बोर्ड हालते त्याच्यानं!"

मग काकांना शेडमधून बोलावून आणायचं. काका म्हणायचे, भोक बरोबर आहे, बोर्डच वाकडा आहे. आईचं जेवण, सराव, झोप सगळं राहायचं. ती मध्ये बसून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. वर्गातली दोन पोरं भांडताना बघायची तशी.

असाच एकदा कॉम्प्युटर बंद पडला. आईचं "काय दाबलं मी" अर्धं तोंडात होतं, तोपर्यंत आम्ही सुरू झालो होतो. बाबा वायर ओढत होते, मी त्यांचा हात ओढत होते. अचानक आई शाळेच्या आवाजात म्हणाली, "थांबा दोघंही."

आम्ही थांबलो.

"मंजे माह्यानं नाई झालं?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिनं काही भलतंच विचारलं. "तुह्यानं कसं होईन? तू त नुसती बसून राह्यली."

"पंख्यानं झालं," मी म्हटलं.

"वायरीनं झालं," बाबा म्हणाले.

आईनं वाकून स्वतः बेल दाबली आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत हाताची घडी घालून बसली. मी मात्र पंख्याचा मुद्दा सोडला नाही, ते भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं.

परीक्षा मे महिन्यात, ऐन दुपारी. आईनं इस्त्रीची सुती साडी नेसली होती आणि पर्समध्ये कांदा ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. मी आणि बाबा तिला सोडायला गेलो आणि बाहेर कडुलिंबाखाली थांबलो. बाबांना काही थांबवेना. ते इमारतीच्या मागे फिरून आले आणि लगबगीनं मला बोलावलं. "ये, ये. आपलाच हाये."

मागच्या खिडकीत आमच्या दुकानाचा कुलर बसवलेला होता. बाबांनी त्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोरडा ठक्क. पानीच नाई टाकलं कोनी. आत भट्टी झाली असन." आणि ते बादली शोधायला गेले. आईची परीक्षा सुरू असताना हा माणूस नळावरून पाणी आणून कुलर भरत होता. मी त्यांना नको नको म्हणत त्या ताटीशी उभी होते, आणि म्हणून मला आतलं सगळं ऐकू येत होतं. कळांची टकटक, खुर्च्या, कुणाचं तरी खोकणं.

मग एक खुर्ची सरकली, आणि आईचा आवाज आला. "सर."

मला पुढचं वाक्य पाठ होतं. "माझ्या हातून मोडलं, माफ करा." बाबा भरलेली बादली हातात घेऊन तसेच थांबले.

आतून सरांनी विचारलं, "काय झालं मॅडम? काय दाबलं तुम्ही?"

मग आई बोलली, आणि ती चौथीच्या वर्गात बोलते त्या आवाजात बोलली, भिंतीपल्याड दुसरीच्या पोरांनाही ऐकू जाईल असं. "जे दाबायचं तेच दाबलं. माझ्यानं काही झालं नाही. मशीन बंद पडलंय, गरम झालं असेल, हवा लागत नाही त्याला. मला दुसरं द्या."

"ऐकलं?" बाबा मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "हवा! सांगतलं का नाई मी? हवा!" आणि त्यांनी बादली कुलरमध्ये रिकामी केली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मी ताटीवरच्या थंड पाण्यानं तोंड धुतल्याचं सोंग केलं.

आत खुर्च्या हलल्या. आईला दुसरं मशीन मिळालं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ती गोष्ट तिला आमच्या बेलमुळे चांगलीच सवयीची होती. वेळ संपायच्या आधी ती बाहेर आली आणि पर्समधला कांदा माझ्या हातात देऊन म्हणाली, "चाला. भूक लागली."

ती पास झाली. शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी विचारलं, सराव कशावर केला, तर म्हणाली, घरच्या कुलरवर. त्यांना ते समजलं नाही आणि आईनं समजावलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती त्याच आकाशी पेटीपुढे बसून चौथीचा निकाल टाईप करत होती. मी बाजूला बसले होते. तिनं एक कळ दाबली आणि लाईन गेली. पंखा हळूहळू फिरायचा थांबला, पडदा काळा झाला, गल्लीतून "गेली, गेली" झालं. मी सवयीनं तिच्याकडे पाहिलं. तिचे हात कीबोर्डवरच होते.

"गेली लाईन," आई म्हणाली, आणि पदरानं वारा घेत बसली.